डबे आणि पोळी-भाजी केंद्र: शिजवल्यानंतरचे तास कसे सांभाळायचे

घरगुती डबे देणाऱ्या, पोळी-भाजी केंद्र किंवा विद्यार्थ्यांची मेस चालवणाऱ्या बहुतेकांच्या स्वयंपाकघरात डोळ्यांना दिसेल अशी घाण नसते. ओटा घासलेला असतो, पालेभाजी तीन पाण्यांतून काढलेली असते, डोक्याला टोपीही असते. तरीही एखाद्या दिवशी डबा खाल्ल्यावर दोन तासांत कुणाला उलट्या सुरू होतात, नाही तर मेसमधल्या दहा-बारा मुलांना रात्री एकदम जुलाब लागतात. मग खापर पाण्यावर फुटतं किंवा भाजीवाल्यावर. भात किती वाजता उतरवला आणि किती वाजता खाल्ला गेला, हे कुणी विचारत नाही.

चूक बहुतेक वेळा तिथेच झालेली असते. पातेलं आचेवरून उतरल्यापासून घास तोंडात जाईपर्यंतचे तास कुणी मोजतच नाही. या डब्यांवर घरापासून लांब शिकणारी मुलं जगतात, एकटे राहणारे म्हातारे आई-वडील जगतात, दवाखान्यात रुग्णाजवळ बसलेली माणसं जगतात. त्यांना दुसरा पर्याय नसतो, म्हणून हे तास मोजायलाच हवेत.

पायऱ्यांआधी: उकळल्यावरही काय उरतं

"खळखळून उकळलं की सगळं मरतं" हा समज सगळ्यात महागात पडतो. तीन जंतू नीट समजून घेतले, तर पुढचं काहीच पाठ करावं लागत नाही.

पहिला बॅसिलस सेरियस. तांदळात, मातीत, मसाल्यांत याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचात झोपलेली त्याची रूपं, असतात. भात शिजताना हे बीजाणू मरत नाहीत. कोमट भातात ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं हे विष पुन्हा उकळून जात नाही, परतून जात नाही, फोडणीनेही जात नाही. दुपारचा भात ओट्यावर ठेवून रात्री त्याचा फोडणीचा भात केला, तर विष तसंच ताटात येतं. उलट्या साधारण १ ते ६ तासांत सुरू होतात.

दुसरा क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. मोठ्या पातेल्यातली आमटी, उसळ, मटणाचा किंवा चिकनचा रस्सा ही त्याची आवडती जागा. जाड, खोल, हळूहळू निवणारं आणि आत हवा नसलेलं असं काही त्याला हवं असतं. ४३ ते ४७ अंशांच्या आसपास तो दर १० मिनिटांच्या सुमारास दुप्पट होऊ शकतो. त्या वेगाने २ तासांत एकाचे ४,०९६ होतात. पोटात कळा आणि जुलाब बहुधा ६ ते २४ तासांत सुरू होतात. म्हणून दुपारच्या जेवणाचा त्रास रात्री होतो आणि दोष रात्रीच्या जेवणाला लागतो.

तिसरा स्टॅफिलोकॉकस. हा आपल्याच नाकात, त्वचेवर, चिघळलेल्या जखमेत असतो. शिजलेल्या पदार्थाला हात लागला आणि तो पदार्थ कोमट राहिला, की याचं काम सुरू होतं. याचंही विष उकळण्याला दाद देत नाही.

कुणी म्हणेल, आम्ही तर डाळ कुकरमध्ये शिजवतो. चांगलंच आहे. पण कुकर उघडल्यावर वरून मसाला पडतो, कोथिंबीर पडते, डाव फिरतो. बीजाणू तिथून परत येतात.

तिघांवर उपाय एकच: अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवा किंवा ५ अंशांच्या खाली न्या. मधला पट्टा जितक्या लवकर ओलांडाल तितकं बरं.

१. आदल्या रात्री: बेत आणि उलटं वेळापत्रक

वेळापत्रक जेवणाच्या वेळेपासून मागे मोजत करा. बहुतेक ठिकाणी याच्या उलट चालतं. पहाटे साडेपाचला भात लागतो, सहाला भाजी, मग निवांत पोळ्या, आणि डबे निघतात दहाला. तोवर भात चार तास कोमट होऊन बसलेला असतो, आणि खाणारा तो दीडला उघडतो.

क्रम असा ठेवा. डबा दुपारी १ ते १.३० ला खाल्ला जाणार आहे असं धरू:

- सकाळी ६ ते ७: निवडणं, धुणं, चिरणं, कणीक भिजवणं.
- ७ ते ८.३०: पोळ्या. पोळी कोरडी असते, ती आधी झाली तर फारसं बिघडत नाही.
- ८.१५: उसळ किंवा भाजी. झाली की मंद आचेवर, झाकण ठेवून.
- ८.४५: आमटी किंवा वरण. तेही आचेवरच.
- ९.१५: भात. सगळ्यात शेवटी.
- ९.४५: डबे भरायला सुरुवात. कोशिंबीर याच वेळी कालवायची.
- १०.१५: डबे बाहेर.

बेत ठरवताना पदार्थांचा स्वभाव बघा. पोळी, भाकरी, लोणचं, सुकी लसणाची चटणी, पापड यांची चिंता कमी. भात, आमटी, उसळ, बटाट्याची रस्सा भाजी, पनीर, अंडा करी, चिकन, ओल्या खोबऱ्याची चटणी, दह्यातली कोशिंबीर यांची चिंता जास्त. एप्रिल-मे महिन्यात साध्या स्टीलच्या डब्यात ओल्या नारळाची चटणी देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दाण्याची किंवा जवसाची सुकी चटणी द्या.

*थांबा:* उद्या किती डबे जाणार हे रात्रीच विचारून घ्या. उरलेलं अन्न सुरक्षित ठेवणं हे या सगळ्यातलं अवघड काम आहे, आणि अंदाज नीट बांधला तर ते करावंच लागत नाही.

२. साधनं: थोडी, पण हीच

टोकदार दांड्याचा अन्नात खुपसायचा थर्मामीटर एक. फ्रिजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर एक. कडेला २-३ इंच उंची असलेले पसरट स्टीलचे ट्रे किंवा पराती. चिकटपट्टी आणि न पुसणारा पेन. कच्च्या मांसासाठी वेगळ्या रंगाचा पाट आणि वेगळी सुरी. भिंतीवर घड्याळ, ओट्यावरून दिसेल असं.

हाताने भांड्याला स्पर्श करून किंवा वाफ बघून तापमान कळत नाही. ५० अंशांची आमटी जिभेला चांगली गरम लागते, आणि जंतूंना ती सोयीची असते.

थर्मामीटर महिन्यातून एकदा तपासा. ग्लासभर बर्फाचा चुरा घ्या, त्यात थोडं पाणी घाला, ढवळा, टोक मध्यभागी धरा. एका मिनिटात ० अंश दिसायला हवेत. उकळत्या पाण्यात तपासत असाल तर गावाची उंची लक्षात ठेवा. मुंबईत, रत्नागिरीत पाणी १०० अंशांना उकळतं, पुण्यात साधारण ९८ ला, महाबळेश्वरला ९५-९६ च्या आसपास. पुण्यात ९८ दिसले म्हणून थर्मामीटर फेकून देऊ नका.

*तपासा:* फ्रिजमधलं तापमान सकाळी दार उघडण्याआधी बघा. ५ अंश किंवा कमी हवं. जास्त असेल तर नॉब वाढवण्याआधी आतली गर्दी कमी करा. गच्च भरलेल्या फ्रिजमध्ये गार हवा फिरतच नाही.

३. सकाळी: माणूस, पाणी, ओटा

माणूस आधी. जुलाब, उलट्या, कावीळ, ताप किंवा हातावर पू झालेली जखम असलेल्या व्यक्तीने त्या दिवशी अन्नाला हात लावायचा नाही. जुलाब-उलट्या थांबल्यावरही पूर्ण ४८ तास नाही. इथे अडचण पगाराची असते. खाडा पडला की पैसे कापले जाणार असतील, तर बाई पोट दुखत असतानाही पोळ्या लाटायला येणारच. त्या दोन दिवसांचे पैसे द्या, किंवा डबे धुणं, हिशेब, भाजी आणणं असं दुसरं काम द्या. हा खर्च अन्नसुरक्षेचाच आहे.

साधं कापलं असेल तर पाण्याने न सुटणारी पट्टी लावा आणि वर हातमोजा घाला. हातमोज्याबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. मोजा घातला की हात स्वच्छ, असं मानून त्याच मोज्याने पैसे घेतले जातात, फोन उचलला जातो, घाम पुसला जातो. असा मोजा उघड्या हातापेक्षा वाईट, कारण हात निदान चिकट लागला की धुवावासा तरी वाटतो.

हात कधी धुवायचे: कामाला सुरुवात करताना, शौचालयातून आल्यावर, कच्चं मांस-मासे-अंडी हाताळल्यावर, नाक-केसांना हात लागल्यावर, पैसे किंवा फोन हाताळल्यावर, केर काढल्यावर. साबणाने २० सेकंद, नखांखाली आणि अंगठ्याच्या बेचक्यातही. अंगठ्या आणि बांगड्या काढून किंवा वर सारून. पुसायला ओट्यावरचं फडकं नको. कागद किंवा फक्त हातांसाठीचा रोज धुतलेला पंचा ठेवा.

पाणी. टाकी दर तीन महिन्यांनी रिकामी करून घासा. टँकरचं पाणी घेत असाल तर ते न उकळता किंवा क्लोरीन न घालता पिण्याच्या पिंपात ओतू नका. पिंपाला तोटी असावी, नाही तर लांब दांड्याचं ओगराळं. ग्लास बुडवून पाणी काढणं आजपासून बंद. ताक किंवा सरबतात बर्फ घालत असाल तर तो खाण्याचाच हवा. निळसर बर्फ खाण्यासाठी नसतो.

ओटा आधी साबणाने घासायचा, धुवायचा, मग निर्जंतुक करायचा. हा क्रम उलटा करू नका. तेलकट ओट्यावर शिंपडलेलं जंतुनाशक तेलाशीच झगडून संपतं. ४ टक्के ताकदीचं, सुगंध नसलेलं सोडियम हायपोक्लोराइट १ लिटर पाण्यात ५ मिलि घातलं की २०० पीपीएमचं (दहा लाख भागांत २०० भाग) द्रावण होतं. ते लावून दोन मिनिटं राहू द्या आणि ओटा आपोआप वाळू द्या. बाटलीवरची टक्केवारी वाचा, वेगळी असेल तर माप बदलेल. द्रावण रोज ताजं करा.

*थांबा:* हे द्रावण आम्लयुक्त फरशी क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

४. कच्चं एकीकडे, शिजलेलं एकीकडे

जागा लहान असते, एकच ओटा असतो, हे खरं. ओटा वेगळा करता येत नसेल तर वेळ वेगळी करा. आधी कोशिंबिरीच्या भाज्या चिरून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. मग शिजवायच्या भाज्या. चिकन-मासे सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर पाट, सुरी, ओटा, हात यांची पूर्ण धुलाई.

चिकन नळाखाली धुण्याची सवय सुटणं अवघड आहे, मला माहीत आहे. पण त्या धारेचे शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर, धुतलेल्या ताटांवर उडतात, आणि चिकनवरचे जंतू मरतात ते शिजल्यावरच. धुवायचंच असेल तर खोल पातेल्यात पाणी भरून, त्यात हलकेच बुडवून, मोरीत धुवा. आजूबाजूला दुसरं काही नको. गोठलेलं चिकन रात्रभर ओट्यावर ठेवून मऊ करू नका. आदल्या दिवशी फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या खणात, खोल भांड्यात ठेवा. फ्रिजमध्ये शिजलेलं नेहमी वर, कच्चं नेहमी खाली. थेंब खालीच पडतो.

काकडी, टोमॅटो, गाजर, कोथिंबीर कच्चीच पोटात जाणार असते. आधी माती जाईपर्यंत धुवा. मग वरचंच ४ टक्क्यांचं हायपोक्लोराइट १० लिटर पाण्यात १२ मिलि घालून, म्हणजे साधारण ५० पीपीएम, ५ मिनिटं बुडवा आणि पिण्याच्या पाण्याने खळबळून काढा. या कामासाठी अन्नात चालणारं म्हणून विकलं जाणारंच घ्या, कपडे धुण्याचं नको.

मोड आलेल्या मटकीबद्दल एक इशारा. मोड यायला लागते ऊब आणि ओल, आणि तीच जंतूंनाही लागते. मोड आले की फ्रिजमध्ये ठेवा आणि पूर्ण शिजवूनच द्या. आरोग्यदायी म्हणून कच्ची मटकी वाटीभर देणं मेसमध्ये तरी टाळा.

५. शिजवणं: मध्यभागी ७५

इथे चुका कमी होतात, म्हणून थोडक्यात. थर्मामीटर सगळ्यात जाड तुकड्यात, हाडाला न टेकवता खुपसा. ७५ अंश दिसले की झालं. रस्सा उकळतो आहे म्हणजे आतला चिकनचा तुकडा शिजला, असं नसतं. अंडा करीतली अंडी आधी पक्की उकडलेली हवीत. एका पदार्थातून दुसऱ्यात थर्मामीटर नेताना तो धुवून उकळत्या पाण्यात बुडवा.

तळण असेल तर जुन्या तेलात नवं तेल ओतत राहू नका. तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायला कायद्याने बंदी आहे. १ जुलै २०१८ पासून हा नियम लागू आहे. मोजायचं यंत्र नसेल, तर तेल काळपट-चिकट झालं, फेस बसेना, लवकर धूर येऊ लागला की बदला. वडे-भजी वर्तमानपत्रावर काढणंही नियमबाह्य आहे, छपाईची शाई अन्नात उतरते.

६. आचेवर ठेवणं आणि डबे भरणं

शिजल्यापासून भरेपर्यंत अन्न ६० अंशांच्या वर. मंद आच, झाकण, आणि दर अर्ध्या तासाला तळापासून ढवळणं. मोठ्या टोपात खाली चटका लागतो आणि वरचा थर ४५ वर येतो, म्हणून ढवळल्याशिवाय तापमान मोजू नका. भातासाठी टोप मोठ्या भांड्यातल्या उकळत्या पाण्यावर ठेवला की काम होतं.

आता डबा. तुमच्याकडे दोनच रस्ते आहेत आणि कोणता पकडला आहे हे पक्कं ठरवा.

पहिला रस्ता: डबा गरम पोचवणं. उष्णता धरून ठेवणाऱ्या दुहेरी भिंतीच्या डब्यात आधी उकळतं पाणी भरून ५-१० मिनिटं ठेवा, ओतून द्या, लगेच ८० अंशांच्या वरचं अन्न काठोकाठ भरा. अर्धा भरलेला डबा लवकर निवतो.

दुसरा रस्ता: साधा स्टीलचा डबा, जो निवणारच आहे. इथे वेळ हीच सुरक्षा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये छोट्या खाद्यव्यावसायिकांना एक सोपा नियम शिकवतात, तो आपल्याला अगदी लागू पडतो. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात एकूण २ तासांपेक्षा कमी राहिलेलं अन्न खाता येतं किंवा फ्रिजमध्ये ठेवता येतं. २ ते ४ तास राहिलेलं लगेच खायचं, परत ठेवायचं नाही. ४ तासांच्या वर गेलेलं टाकून द्यायचं. आचेवर ६० च्या वर राहिलेली वेळ यात धरायची नाही. म्हणजे ९.४५ ला आचेवरून काढून भरलेला डबा १.४५ च्या आत संपायला हवा.

म्हणून डब्यावर चिकटपट्टी लावून लिहा: "दु. १.३० पर्यंत खावे. संध्याकाळसाठी ठेवू नये." अनेक ग्राहक, विशेषतः एकटी राहणारी वयस्कर माणसं, एकाच डब्यात दोन वेळा भागवतात. त्यांना फोन करून सांगा, डबा आल्याबरोबर अर्धा भाग फ्रिजमध्ये ठेवायला सांगा, किंवा रात्रीसाठी फक्त पोळी आणि सुकी चटणी वेगळी बांधून द्या.

*तपासा:* आठवड्यातून एकदा एक जादा डबा भरा आणि तुमच्याकडेच, डब्यांच्या पिशवीसारख्याच पिशवीत ठेवा. १.३० ला उघडून तापमान मोजा, वास घ्या. तुमच्या ग्राहकाच्या पानात काय पडतं हे त्यातून कळेल. गरम डब्याचा रस्ता निवडला असेल आणि ६० च्या खाली दिसलं, तर आजपासून तुम्ही दुसऱ्या रस्त्यावर आहात आणि वेळ मोजायला लागा.

भरताना हात वापरू नका. भाताला डाव, पोळीला चिमटा. कोशिंबिरीत मीठ आणि दही शेवटच्या क्षणी. फोडणी घातली म्हणून कोशिंबीर शिजलेली होत नाही.

७. उरलेलं थंड करणं: सगळ्यात जास्त चुका इथे

दोन टोकाच्या सवयी दिसतात. एक, रात्रीची आमटी "निवली की ठेवू" म्हणून पातेल्यातच ओट्यावर सोडून झोपायचं. दुसरी, दहा लिटरचा उकळता टोप सरळ फ्रिजमध्ये ढकलायचा. पहिल्यात आमटी सकाळपर्यंत कोमट राहते. दुसऱ्यात टोपाचा मधला भाग तसाच तासन्‌तास कोमट राहतो आणि शेजारचं दूध-दहीही तापतं. घरगुती फ्रिज गार वस्तू गार ठेवायला बनलेला असतो. दहा लिटर आमटी निववणं त्याला झेपत नाही.

हवं ते असं: ६० वरून २१ अंशांपर्यंत २ तासांत, आणि २१ वरून ५ अंशांपर्यंत पुढच्या ४ तासांत. पहिले २ तास जास्त महत्त्वाचे.

कसं करायचं:

- आधी थंड करायच्या भांड्यांची जागा करा. फ्रिजचा एक खण रिकामा, ट्रे धुतलेले आणि वाळलेले.
- आमटी, उसळ, रस्सा पसरट ट्रेमध्ये २ इंचांपेक्षा जास्त खोल नको असा ओता. एका टोपाचे चार-पाच ट्रे झाले तरी चालेल.
- मोठ्या घमेल्यात किंवा मोरीत गार पाणी आणि बर्फ घेऊन ट्रे त्यात ठेवा. पाणी काठाच्या खाली राहू द्या. दर १० मिनिटांनी स्वच्छ डावाने ढवळा.
- भात परातीत पातळ पसरा, मोकळा करा, वर जाळीचं झाकण.
- दर अर्ध्या तासाला मोजा. २१ दिसलं की झाकण किंचित उघडं ठेवून फ्रिजमध्ये. पूर्ण गार झाल्यावर झाकण घट्ट.
- चिकटपट्टीवर पदार्थ, तारीख आणि वेळ लिहा.

बर्फाची सोय नसेल तर? मग उरवू नका. शिजल्यापासून दोन तासांच्या आत, गरम असतानाच, कुणाला तरी खायला द्या. दुपारभर ओट्यावर राहिलेलं अन्न गरजूंना वाटणं म्हणजे आपण ज्याला टाकून देण्याजोगं समजतो ते त्यांच्या पोटात घालणं, ते करू नका.

*थांबा:* दोन तासांनंतर तापमान २१ च्या वर असेल तर तो ट्रे फेकून द्या. जीव तुटतो, पण दुसरा मार्ग नाही. वास आणि चव यावर जाऊ नका. विष झालेल्या भाताला बहुतेक वेळा वास येत नाही.

वीज गेली तर फ्रिजचं दार बंद ठेवा. बंद फ्रिज साधारण ४ तास गारवा धरतो. भारनियमन असलेल्या गावांत दार किती वाजता उघडलं हेही वहीत लिहावं लागतं.

८. पुन्हा गरम करणं

नीट थंड केलेलं अन्न दुसऱ्या दिवशी एकदाच गरम करायचं, खळखळून, मध्यभागी ७५ अंशांच्या वर, आणि तेवढंच जेवढं लागणार आहे. उरलं तर टाकायचं. मंद आचेवर हळूहळू गरम करणं म्हणजे कोमट पट्ट्यातून पुन्हा सावकाश प्रवास. उष्णता आधी मोठी ठेवा.

कालची आमटी आजच्या ताज्या आमटीत ओतणं पूर्ण बंद करा. एक वाटी जुन्यामुळे पूर्ण टोप जुना होतो, आणि त्रास झाला तर कोणत्या दिवसाचा होता हेही कळत नाही.

९. फडकी, भांडी आणि परत आलेले डबे

एकच ओलं फडकं ओटा, हात, ताट, पोळपाट, सगळ्याला फिरतं. त्याऐवजी दिवसाला आठ-दहा छोटी सुती फडकी काढा. एक काम झालं की बादलीत. रात्री साबणाने धुवून दहा मिनिटं उकळा, उन्हात वाळवा. लाकडी पोळपाटाला भेगा पडल्या असतील तर बदला.

डब्यांच्या व्यवसायात आणखी एक जागा निसटते. दुपारी परत आलेले, उष्टं लागलेले डबे त्याच ओट्यावर उतरतात, जिथे संध्याकाळचे भरायचे असतात. दारातच एक वेगळी क्रेट ठेवा. उष्टे डबे तिथून सरळ मोरीत. खरकटं काढणं, साबण, स्वच्छ पाणी, मग गरम पाण्यात बुडवणं, आणि जाळीवर उपडे ठेवून वाळवणं. झाकणाची रबरी कडी रोज काढून घासा, आंबलेला वास तिथूनच येतो. फडक्याने पुसून डबे कोरडे करू नका.

१०. वही, नमुना, कागदपत्रं

वही एका पानाची असावी, म्हणजे लिहिली जाते: पदार्थ, आचेवरून काढल्याची वेळ, भरतानाचं तापमान, फ्रिजचं सकाळचं तापमान, कोण आजारी आहे. बस. लिहिणारी व्यक्ती एकच ठेवा. पाच जणांची जबाबदारी असली की ती कुणाचीच नसते.

प्रत्येक शिजवलेल्या पदार्थाचा वाटीभर नमुना स्वच्छ, झाकणाच्या डब्यात, तारीख लिहून, फ्रिजमध्ये तीन दिवस ठेवा. तक्रार खरी असली तर कारण सापडतं, खोटी असली तर तुमची बाजू उभी राहते.

घरातून डबे देत असाल तरी अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ तुम्हाला लागू आहे. एफएसएसएआयची (भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना उलाढालीप्रमाणे घ्यावा लागतो, अर्ज फॉसकॉस या पोर्टलवर होतो, आणि मिळालेला १४ अंकी क्रमांक ठळक लावायचा असतो. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून प्रमाणपत्र जवळ ठेवा.

११. तक्रार आली तर, त्याच क्रमाने

आधी त्या दिवसाचे बाकीचे सगळे ग्राहक. ज्यांनी अजून खाल्लं नसेल त्यांना लगेच फोन करून थांबवा. हा फोन करायला लाज वाटते, आणि त्या अर्ध्या तासात आणखी चार जण जेवतात.

मग आजारी व्यक्ती. पाण्यात मिसळलेलं ओआरएस घोट घोट. लहान मूल, गरोदर बाई, वयस्कर माणूस असेल, किंवा जुलाबात रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणं यापैकी काही दिसलं, तर वाट न बघता डॉक्टर.

उरलेलं अन्न फेकू नका आणि पातेली घासायला टाकू नका. नमुने बाजूला काढा, त्यावर कुणाचा हात पडू देऊ नका.

त्यानंतर प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारून लिहा: किती वाजता खाल्लं, आणि त्रास किती वाजता सुरू झाला. १ ते ६ तासांत उलट्या असतील तर भाताची वेळ आणि भरणाऱ्यांचे हात बघा. ६ ते २४ तासांत कळा आणि जुलाब असतील तर मोठ्या टोपातली आमटी, उसळ, रस्सा कसा निववला ते बघा. दिवसाने किंवा त्याहून उशिरा, तापासह आला असेल तर कच्चं चिकन, अंडी, कोशिंबीर आणि पाणी. वही उघडून त्या पदार्थाच्या वेळा जुळवा. जिथे वेळ लिहिलेली नाही, तिथून तपास सुरू करा, आणि कारण हाती येईपर्यंत तो पदार्थ बेतातून काढून ठेवा.